धार, दोर आणि खालचा माणूस

झाडावर चढून काम करणाऱ्यांचे आणि त्यांना कामाला बोलावणाऱ्यांचेही, असे दोन्हीकडचे प्रश्न यावेळी आलेत. जे सारखे होते ते एकत्र केले आणि जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथं जास्त लिहिलंय.

प्रश्न : सेकंडहँड पेट्रोल चेनसॉ घेतलाय, १८ इंची बार. चालू लगेच होतो, आवाज पण दणदणीत, पण कापताना धूर निघतो आणि काप सरळ जातच नाही, एका बाजूला वळतो. मेकॅनिक म्हणतो पिस्टन बदला. बदलू का? (सातारा)

थांबा, पिस्टनला हात लावू नका. आधी कापलेल्या लाकडाखाली काय पडलंय ते बघा. चांगली धार असलेली चेन जाडसर कपच्यांचा भुसा सोडते आणि बोथट चेन पीठ पाडते. तुमचं मशीन पीठ पाडत असणार, आणि मग तुम्ही वरून जोर देत असणार, आणि जोर दिला की बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, तापतो, धूर येतो, इंजिन रडतं आणि माणूस म्हणतो मशीन गेलं. धार असेल तर मशीनला दाबावं लागत नाही, स्वतःच्या वजनानं लाकडात उतरतं.

काप वळतो याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की एका बाजूचे दात जास्त झिजलेत. उजव्या हाताच्या माणसाचा कानस मारताना एका बाजूला जोर जास्त लागतो, दुसऱ्या बाजूला हात अवघडतो, आणि चार-पाच वेळा असं झालं की डावे-उजवे दात लहानमोठे होतात. सगळ्यात लहान झालेला दात शोधा, बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणा. गोल कानस मापाचीच पाहिजे. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला ४.८ मिमी, छोट्या लो प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५. बऱ्याच चेनच्या दातावर मागच्या बाजूला तिरपी रेघ कोरलेली असते, साधारण ३० अंशाची, त्या रेघेला समांतर कानस चालवा, आतून बाहेर एकाच दिशेनं, आणि परत येताना उचलून घ्या, मागेपुढे घासू नका. प्रत्येक दाताला मोजून सारखे हात, तीन तर तीन.

आणि जी गोष्ट निम्मे लोक करतच नाहीत ती म्हणजे दाताच्या पुढचा छोटा ठोकळा, डेप्थ गेज. दात झिजून खाली येतो पण ठोकळा तिथंच राहतो, मग धार कितीही लावा, दात लाकडाला पोचतच नाही. सपाट कानस आणि गेजपट्टी घेऊन तो दाताच्या खाली साधारण ०.६५ मिमी ठेवायचा. याहून जास्त घासू नका, मग चेन लाकूड ओढायला लागते, मशीन दणके देतं, आणि उलट उसळण्याचा धोका वाढतो.

हे सगळं करूनही वळत असेल तर बारच्या कडा बघा, खाच एका बाजूनं रुंद झाली असेल. आणि ऑईल. बारच्या टोकासमोर फिकट रंगाचं लाकूड ठेवा, टोक टेकवू नका, रेस द्या, लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. गॅरेजमधलं जळकं ऑईल फुकट मिळतं म्हणून सगळे तेच ओततात, मी पण सुरुवातीची दोन वर्षं तेच ओतलं, आणि पंप बाद करून घेतला. त्यात धातूचा कीस असतो, चेनला ते चिकटत नाही, अंगावर उडतं, खालच्या मातीत जातं. चेन-बारचं ऑईल वेगळं मिळतं, तेच घ्या.

रस्त्याकडेच्या झाडाला हात लावण्याआधी खोडावर हात फिरवून खिळे बघा. क्लासच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या ठोकलेल्या असतात, त्यातले जुने खिळे झाडानं सालीखाली गिळलेले असतात आणि एक खिळा लागला की तुमची अर्ध्या तासाची धार एका सेकंदात गेली.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने मशीन बंद होतं, आता चालूच होत नाही. (बारामती)

टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं ना? आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपला पावसाळा. पाणी खाली बसतं, पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट थर राहतो, कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात आणि आतला रबरी पडदा कडक होतो. जुनं सगळं काढा, प्लग पुसा, एअर फिल्टर धुऊन वाळवा, तरी नाही झालं तर कार्ब्युरेटर साफ करून घ्या, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पुढच्या वेळी मशीन ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालवा. मिक्स एका वेळी महिनाभर पुरेल एवढंच. ५० ला १ म्हणजे एका लिटरला २० मिली टू-टी ऑईल, बहुतेक नव्या मशीनना हेच चालतं पण तुमच्या मशीनचं पुस्तक काय म्हणतं ते बघा, जुन्यांना जास्त लागतं. अंदाजानं झाकणभर ओतणं बंद करा, मापाची बाटली पन्नास रुपयांत येते आणि पिस्टन किती हजारांना येतो ते तुमच्या दुकानदाराला विचारा.

प्रश्न : आम्ही नायलॉनचाच दोर वापरतो, ट्रक बांधायचा. जाड आहे, आजवर तुटला नाही. कंपनीचा दोर दहा पट महाग, खरंच लागतो का? (नाशिक, तीन जणांची टीम)

लागतो. "आजवर तुटला नाही" हे प्रत्येक दोराबद्दल शेवटच्या दिवसापर्यंत खरंच असतं.

बाजारात नायलॉन म्हणून मिळणारा निळा-पिवळा दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हानं तो कुजतो, बोटानं चोळला तर भुकटी निघते, आणि साधारण १६५ अंशाला वितळतो, म्हणजे फांदीवरून जोरात घसरला तर घर्षणानंच जळतो. खरा नायलॉन घेतला तरी भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते. त्यात गाठ मारली की ज्या ठिकाणी वळण पडतं तिथं ताकद आणखी तीसेक टक्क्यांनी, कधी त्याहून जास्त घटते. दुकानदार सांगतो तो आकडा नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोराचा असतो.

चढायचा दोर ११ ते १३ मिमी जाडीचा, आत गाभा आणि वर विणलेलं कवच, फार न ताणणारा, किमान २२ किलोन्यूटन म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास भार घेणारा पाहिजे. सह्याद्रीत क्लायंबिंग करणारी बरीच पोरं आता झाडकामात येतात, चांगली गोष्ट आहे, फक्त एक लक्षात ठेवा, सुळक्यावर वापरता तो ताणणारा डायनॅमिक दोर इथं नको, झाडावर आपण दिवसभर दोरावर लटकून काम करतो, दोर रबरासारखा खालीवर झाला तर करवत हातात असताना तोल जातो.

आणि माणसाचा दोर वेगळा, लाकडाचा दोर वेगळा. ज्या दोरानं ओंडके उतरवले त्या दोरावर माणूस कधीच चढवायचा नाही. पन्नास किलोचा ओंडका दीड-दोन मीटर सुटून दोराला लागला की दोरावर पन्नास किलो येत नाहीत, त्याच्या कितीतरी पट येतात, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडे माणसाचा दोर एका रंगाचा आणि लाकडाचा दुसऱ्या रंगाचा, म्हणजे अंधारात, पावसात, घाईत पण चूक होत नाही.

रोज सकाळी चहाआधी पूर्ण दोर बोटांमधून जाऊ द्या, हातमोजे काढून. कुठं मऊ पडलाय, कुठं फुगलाय, कुठं चकाकी आलीय म्हणजे वितळलाय, हे डोळ्याला नाही, बोटाला कळतं. शंका आली तर तेवढा तुकडा कापून टाका, बाजूला ठेवू नका, ठेवलेला दोर कोणीतरी उचलतोच. पेट्रोलच्या कॅनसोबत एकाच पोत्यात दोर भरून नेणारे लोक मी बघितलेत, कृपा करून असं करू नका.

वर करवत चालू करायच्या आधी दोन ठिकाणी बांधलेलं पाहिजे, एक मुख्य दोर आणि एक कमरेचा छोटा दोर खोडाभोवती. करवत एका दोराला लागली तर दुसरा राहतो. यात सूट नाही, दोन मिनिटांच्या कामाला पण नाही.

प्रश्न : सोसायटीत मोठं विलायती शिरीषाचं झाड आहे आणि दोन गुलमोहर. मागच्या कॉन्ट्रॅक्टरनं सगळं वरून सपाट कापलं, आता दुप्पट फुटवा आलाय आणि फांद्या पडतायत. यावेळी तीन कोटेशन आलीत, सगळ्यात कमीवाल्याला द्यायचं का? (पुणे, सोसायटीच्या सेक्रेटरी)

ताई, तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं कारण हे मी दर वर्षी मे महिन्यात बघतो. शेंडा छाटून झाड "सेफ" होत नाही. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, ते एकदम उडवलं की झाड घाबरून साठवलेलं सगळं खर्चून कापाच्या कडेनं ढीगभर कोंब काढतं. हे कोंब आतल्या लाकडातून आलेले नसतात, सालीलगत वरवर चिकटलेले असतात, आणि खाली कापलेला ठुबका, म्हणजे फांदीचा उरलेला खुंट, कुजत जातो. दोन-तीन वर्षांत तो कोंब मनगटाएवढा होतो, वळवाचा वारा येतो आणि फांदी गाडीवर पडते. म्हणजे आत्ता जे पडतंय ते मागच्या छाटणीचंच फळ आहे. गुलमोहर तर मुळात ठिसूळ.

फांदी जिथं खोडातून निघते तिथं बुडाशी एक जाड वेढा असतो, सुरकुत्यांची गळपट्टी म्हणा. काप त्या वेढ्याच्या जरा बाहेर, वेढा शाबूत ठेवून. खोडाला घासून कापलं तर वेढा जातो, लांब ठुबका ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत जाते. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनस्पतिरोग-तज्ज्ञानं हजारो झाडं उभी चिरून बघितली आणि १९७७ मध्ये मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड कुजलेला भाग चारी बाजूंनी भिंती घालून कोंडून ठेवतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फांदीतली कुज खोडात जाऊ न देणारी भिंत ज्या जागी तयार होते ती जागा म्हणजे हा वेढा. म्हणून डांबर, ऑईलपेंट काही फासू नका, खाली ओल धरून कुज वाढते. आंब्याच्या बागेत बोर्डो पेस्ट लावतात ते बुरशीनाशक म्हणून, ती वेगळी गोष्ट.

मोठी फांदी तीन कापांत उतरवायची. खोडापासून फूटभर बाहेर आधी खालून पाव जाडीपर्यंत काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून काप, फांदी साल न ओढता सुटते, आणि मग उरलेला ठुबका वेढ्याशी. एकाच कापात वरून कापणारा माणूस फांदीबरोबर खोडाची साल दोन-दोन फूट सोलून नेतो, तुमच्या झाडावर तशा पट्ट्या असतील, बघा.

आता कोटेशन. आकडा बघायच्या आधी तिघांना हे विचारा : किती जण येणार आणि खाली कोण उभा राहणार, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि हेल्मेट दाखवा, विमा आहे का, फांदी दोरानं उतरवणार की टाकून देणार, आणि किती छाटणार. "निम्मं मोकळं करून देतो" म्हणाला तर नको. एका वेळी पानोऱ्याच्या पाव भागाहून जास्त काढायचं नाही, म्हाताऱ्या झाडाचं त्याहून कमी. फूटभर जाडीची तीन मीटर फांदी ओली असताना दीड-दोनशे किलो भरते, ती पार्किंगवर "सांभाळून टाकतो" म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

परवानगी तुमची जबाबदारी, कॉन्ट्रॅक्टर "मी बघतो" म्हणाला तरी कागद स्वतः हातात घ्या. शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, फांद्या छाटायच्या असल्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला, तुमचा शिरीष त्या वयाचा असू शकतो, सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारा.

आणि एक. शिरीषावर बगळे आणि वंचक वसाहत करतात, मे पासून पावसाळाभर घरट्यात पिल्लं असतात. फांदी पडली की पिल्लं खाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घरटी आणि अंडी मोडणं गुन्हा आहेच, पण ते बाजूला ठेवून सुद्धा सांगतो, एकदा ते बघितलेला माणूस परत तसं काम घेत नाही. छाटणी हिवाळ्याच्या शेवटाला करा, त्याआधी दुर्बिणीनं झाड बघून घ्या, आग्या मोहोळ पण त्याच नजरेत दिसेल. आग्याच्या झाडावर करवतीचा आवाज करायचा नाही, म्हणजे नाहीच.

प्रश्न : आमच्याकडे ४५ माड आहेत. आमचे पाडेली सत्तरीला आले, आता चढत नाहीत. चढायचं मशीन आणलंय, भाचा म्हणतो मी चढतो. खाचा असलेल्या माडावर मशीन चालेल का? (कुडाळ)

चालेल, पण भाच्याला आधी शिकू द्या. दोन पायांचे दोन सांगाडे, प्रत्येकाला तारेचा फास, एक उचलायचा दुसऱ्यावर भार, असं जिना चढल्यासारखं वर जायचं. उत्तर केरळातल्या चेंबेरी गावाच्या नावानं जो प्रकार ओळखला जातो तो हाच. नारळ विकास मंडळानं २०११ पासून तरुण पोरापोरींना यावर चढायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, चढणाऱ्यांसाठी त्यांची केरा सुरक्षा विमा योजना पण आहे, तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दोन्हीची चौकशी करा.

मशीनबरोबर कमरपट्टा येतो तो लोक पडवीत टांगून ठेवतात. मशीन पाय धरतं, माणूस धरत नाही, भाचा मागे कलंडला तर त्याला पट्टाच धरणार. खोड वर बारीक होत जातं तेव्हा फास मध्येच थांबून आवळावा लागतो. पावसात शेवाळलेल्या खोडावर चढू नका. वर पोचल्यावर सुक्या झावळीला हात नको, ती हातात येते. कोयता दोरीनं पट्ट्याला बांधलेला. खाचांच्या जागी फास नीट बसलाय का ते प्रत्येक पावलाला बघायचं, आणि नव्या खाचा अजिबात पाडू नका, त्यातून गळणाऱ्या रसाच्या वासानं सोंड्या भुंगा येतो आणि माड आतून पोखरला जातो.

खाली कोणी थांबू नये. ५० फुटांवरून सुटलेला नारळ जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटर असतो. पोरं गोळा करायला धावतात, त्यांना अंगणातच थांबवा.

तुमच्या पाडेलींना मात्र बोलवा आणि माडापासून लांब खुर्ची टाकून बसवा. कुठल्या माडाचा गाभा पोकळ आहे, कुठला वाऱ्यात जास्त हलतो, हे त्यांना माहीत आहे आणि ते कुठल्याच प्रशिक्षणात मिळणार नाही.

प्रश्न : वीज लाईनला टेकलेली फांदी आहे. लाकूडच आहे, सुका बांबू लावून ओढली तर? (लातूर)

नको. ओल्या फांदीत पाणी असतं, ती करंट वाहते, आणि ११ केव्हीच्या लाईनला शिवायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. ॲल्युमिनियमची शिडी त्या बाजूला नेऊच नका. वीज कंपनीला कळवा, त्यांचा माणूस लाईन बंद करून अर्थिंग लावून समोर उभा राहील तेव्हाच हात लावा. फोनवर कोणी "बंद केलीय" म्हणालं तर ते ऐकून चढू नका, शेजारच्या जनरेटरचा करंट उलटा येऊन माणसं गेलीत.

प्रश्न : चेनसॉची जाड पँट उन्हात घालवत नाही. जीन्स चालेल का? (नागपूर)

जीन्स करवतीला कागदासारखी. फुल रेसला चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. जाड पँट कापड अडवून वाचवत नाही, तिच्या आतले लांब धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन थांबते. म्हणून ती इस्त्री करायची नाही, फाटली तर आतून शिवायची नाही. नागपूरच्या उन्हात त्रास होतो हे मान्य, मग काम सकाळी सहा ते साडेदहा करा, जमिनीवर काम करणाऱ्याला नुसती पुढून बांधायची चॅप्स पण चालते. कानाला पण लावा, मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही.

प्रश्न : मी खालचा माणूस. आठ महिने झाले, सगळे म्हणतात तू फक्त फांद्या ओढ. पुढं जायला काय शिकू? (कोल्हापूर)

तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वरच्या माणसाचा जीव खालच्याच्या हातात असतो आणि मजुरी मात्र निम्मी, हे आमच्या धंद्यात चुकलेलं आहे.

माझ्या चौथ्या वर्षी मी वर होतो, खाली नवा पोरगा. ओंडका उतरवताना दोर सुटायला नको म्हणून त्यानं तो तळहाताला गुंडाळून घेतला. ओंडका सुटला तसा पोरगा सहा फूट ओढला गेला आणि हाताची साल निघाली. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पण नाही. तेव्हापासून माझ्याकडे नवीन माणूस पहिले दोन आठवडे करवत बघतच नाही, दोर शिकतो.

तर दोर हाताला, कमरेला, कोपराला कधी गुंडाळायचा नाही. खोडाला दोन-तीन वेढे द्या, घर्षण भार घेतं, तुम्ही फक्त सोडता. उभं राहायचं ते फांदी झोके घेईल त्या रेषेच्या बाहेर. पायाखाली दोराचा गुंता नको, काटक्या आधी झाडून घ्या. वरचा ओरडतो "खाली?", तुम्ही बघून म्हणायचं "मोकळं", तेव्हाच काप. तुम्ही गप्प तर वरची करवत पण गप्प, हा नियम कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत ठरवून घ्या.

मग गाठी शिका, प्रुसिक आणि ब्लेक हिच, दोरावर सरकणाऱ्या पण भार आला की आवळणाऱ्या, रात्री खाटेच्या पायाला बांधून. आणि तुमच्या टीमला एक प्रश्न विचारा : वरचा बेशुद्ध पडला तर त्याला खाली कोण आणणार आणि कशानं? हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो, फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबता येत नाही. दुसरा दोर, दुसरा हार्नेस आणि चढता येणारा दुसरा माणूस झाडाखाली तयार पाहिजे, आणि तो दुसरा माणूस तुम्हीच व्हा. सुट्टीच्या दिवशी दहा फुटांवर एकाला लटकवून, घड्याळ लावून, त्याला उतरवायची तालीम करा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, आम्हाला पण तेवढीच लागली होती, आता पाच लागतात.